दाखल क्रमांक कुणाचा?

माझा थोरला भाऊ तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होता. माझी मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. भावाच्या गावात एक वाचनकट्टा आहे आणि त्याच्यासाठी एक छोटं वेब ॲप करायचं मुलीनं मनावर घेतलंय. सभासदानं आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकायचा. मुखपृष्ठ, लेखक, प्रकाशक, पानं आपोआप येतील. खाली त्यानं आपलं टिपण मराठीत लिहायचं. पुस्तकांची ही माहिती ती एका मोठ्या परदेशी कंपनीच्या सेवेकडून मागवणार आहे. ती सेवा एक्सएमएलमध्ये उत्तर देते. भावाला हे पटलेलं नाही.

दोघांचं बोलणं मी जवळजवळ जसंच्या तसं मांडते आहे. मराठी पुस्तकाची साधी ओळख, म्हणजे कुणी लिहिलं, कुणी छापलं, कितवी आवृत्ती, ही आज कुठे राहते आणि कुणाच्या मर्जीवर राहते, याची मला मनापासून काळजी वाटते. या दोघांना माझ्यापेक्षा त्यातलं जास्त कळतं.

भाची : मामा, आधी उत्तर कसं येतं ते तर बघ. मी सर्व्हरवरून विनंती पाठवते. तिच्यात आयएसबीएन असतो आणि कंपनीनं मला दिलेली ‘की’, म्हणजे विनंती माझीच आहे हे ओळखायची गुप्त खूण. परत येतो तो हा मजकूर. मूळ टॅग इंग्रजीत आहेत, तुला वाचायला बरं म्हणून मी मराठीत लिहिलेत. एक्सएमएलला देवनागरी टॅगही चालतात.

<पुस्तक>
<शीर्षक>श्यामची आई</शीर्षक>
<लेखक>साने गुरुजी</लेखक>
<भाषा>मराठी</भाषा>
<मुखपृष्ठ>चित्राचा पत्ता</मुखपृष्ठ>
</पुस्तक>

मामा : हे तर तालिका पत्रच झालं. शीर्षक, कर्ता, भाषा. प्रत्येक नोंद कुठे सुरू झाली, कुठे संपली, तेही लिहिलेलं.

भाची : त्यासाठीच एक्सएमएल आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं त्याचं प्रमाण जाहीर केलं. एका कंपनीच्या यंत्रानं लिहिलेलं दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला मध्ये माणूस न बसवता वाचता यावं, हा हेतू. नियम कडक आहेत. उघडलेला टॅग बंद झालाच पाहिजे. प्रकाशकाच्या नावात अँपरसँडचं चिन्ह आलं आणि कुणी ते ठरलेल्या पद्धतीनं न लिहिता तसंच सोडलं, तर वाचणाऱ्या प्रोग्रामनं तिथेच थांबायचं, अंदाजानं पुढे जायचं नाही. त्यामुळे मध्येच तुटलेला मजकूर आत शिरत नाही. आतली माहिती खरी आणि पुरी आहे का, हे मात्र त्यातून कळत नाही.

मामा : चांगला नियम आहे. आमच्याकडे अर्धवट भरलेलं पत्र पेटीत गेलं की ते पुस्तक वर्षानुवर्षं सापडायचं नाही. पण मला सांग, हे पत्र भरलं कुणी?

भाची : काही माहिती प्रकाशकांनी दिली, काही वितरकांनी. आणि मराठी पुस्तकांचं म्हणशील तर बहुतेक वाचकांनीच, फुकट.

मामा : मग वाचकांनी भरलेलं कंपनीचं कसं झालं?

मुलीनं याचं उत्तर तेव्हा दिलं नाही. ती तिच्या मुद्द्याकडे वळली, आणि तो मुद्दाही हलका नव्हता.

भाची : तू म्हणतोस आपली सूची आपण करू. किती वर्षं लागतील? कट्ट्यावर येणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतल्या बाई आहेत, दोन-तीन कॉलेजची मुलं आहेत. त्यांना पुस्तकांवर बोलायचंय. प्रत्येक पुस्तकाची पानं, प्रकाशनवर्ष, किंमत भरत बसायला लावलं तर कोणी येणार नाही. दुसऱ्यानं जमवलेल्या माहितीवर उभं राहिलं म्हणूनच कितीतरी छोट्या, उपयोगी गोष्टी जन्माला आल्या. जुलै २००२ मध्ये ॲमेझॉननं आपली माहिती बाहेरच्या प्रोग्रामरना एक्सएमएलमध्ये द्यायला सुरुवात केली. दोनच वर्षांत मॅकवर ‘डेलिशस लायब्ररी’ नावाचा प्रोग्राम आला. कॅमेऱ्यासमोर पुस्तकाचा बारकोड धरायचा, आणि पडद्यावर तुझ्या कपाटातलं पुस्तक मुखपृष्ठासकट उभं राहायचं. बनवणारे मूठभर लोक. पुस्तकांची माहिती स्वतः गोळा करायची म्हटली असती तर त्यांनी हे काम हातात घेतलंच नसतं.

मामा : बरं.

भाची : २००५ मध्ये पॉल रॅडमाकर नावाच्या प्रोग्रामरनं क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर मांडल्या. घर शोधणाऱ्याला कुठलं घर कुठे आहे ते एका नजरेत दिसायला लागलं. तेव्हा गूगलनं नकाशे बाहेरच्यांसाठी रीतसर खुलेसुद्धा केले नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये केले, आणि रॅडमाकरला नोकरीही दिली. जाहिराती त्याच्या नव्हत्या, नकाशाही त्याचा नव्हता. दोन्ही एकत्र आणल्यावर कुणाला उपयोग होईल, एवढं त्याला दिसलं होतं. मलाही तेवढंच करायचंय.

मामा : तू हे सांगायला लागल्यापासून मीही वाचतोय. त्या बारकोडवाल्यांचं पुढे काय झालं, ते सांगितलं नाहीस.

भाची : सांगते की. त्यांनी आयफोनवर ॲप काढलं. ॲमेझॉनच्या अटींत होतं की ही माहिती मोबाइलवर वापरायची नाही. २००९ मध्ये त्यांना ते ॲप मागे घ्यावं लागलं.

मामा : त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रत्येक विनंतीवर गुप्त कीची सही लागायला लागली. ज्यांनी प्रोग्राम बदलला नाही त्यांचं सगळं बंद. पुढे त्या सेवेच्या पाचव्या आवृत्तीत एक्सएमएलच गेलं, जेसन नावाची दुसरी मांडणी आली. म्हणजे पुन्हा सगळं नव्यानं लिहा. गूगलनं एप्रिल २००२ मध्ये शोधाची सेवा दिली होती, दिवसाला १००० शोध फुकट. डिसेंबर २००६ मध्ये नव्या की देणं थांबवलं आणि २००९ मध्ये सेवाच बंद केली. मी कुणाला लबाड म्हणत नाही. त्यांचा धंदा आहे, त्यांना परवडेल तसं ते करणार. पण आपल्या कट्ट्याची वही त्यांच्या हिशेबावर का ठेवायची?

भाची : मामा, तुझ्या ग्रंथालयातली वीज कुणाची होती? महावितरणची. स्वतःचं वीजघर काढलं होतंस का?

मामा : नव्हतं काढलं. पण महावितरणला दर वाढवायचा झाला तर विद्युत नियामक आयोगापुढे जावं लागतं. सुनावणी होते, तुझ्या-माझ्यासारखा माणूस तिथे हरकत नोंदवू शकतो. तुझी की उद्या बंद केली तर तू कुणाकडे जाशील?

तिच्याकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. अटी मान्य असल्याच्या चौकटीत आपण खूण करतो, आणि त्या अटींत बहुतेक ठिकाणी असतंच की सेवा केव्हाही, कारण न देता थांबवता येईल. एवढ्या ढळढळीतपणे लिहिलेलं असूनही आपण त्यावर उभं राहतो, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नसते. मुलीचा हट्ट मला त्यामुळे समजतो.

मग बोलणं गुडरीड्सवर आलं. दोघांनाही हेच उदाहरण आपल्या बाजूचं वाटत होतं, म्हणून त्यावर जरा थांबते.

गुडरीड्स २००७ च्या जानेवारीत सुरू झालं. वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवायची, त्यांना गुण द्यायचे, परीक्षण लिहायचं. पुस्तकांच्या माहितीसाठी सुरुवातीची काही वर्षं ते मोठ्या प्रमाणावर ॲमेझॉनच्या सेवेवर अवलंबून होतं. म्हणजे आज जी कंपनी एवढी मोठी दिसते, तीही दुसऱ्याच्या माहितीवरच उभी राहिली. या सेवेच्या अटी जाचक व्हायला लागल्यावर गुडरीड्सनं जाहीर केलं की ३० जानेवारी २०१२ पासून आपण ॲमेझॉनची माहिती दाखवणार नाही. इंग्रॅम या वितरकाकडून बरीचशी माहिती मिळाली. पण अनेक आवृत्त्या अशा होत्या की त्यांचा तपशील दुसऱ्या कुठल्या स्रोतात नव्हता. तेव्हा त्यांनी वाचकांना हाक दिली : ही पुस्तकं वाचवा, माहिती हातानं भरा. स्वयंसेवक वाचक कामाला लागले आणि भरत राहिले.

मामा : बघ. पाच वर्षांत पाया काढून घ्यायची वेळ आली.

भाची : पाया गेला, घर पडलं नाही. त्यांच्याकडे काय उरलं ते बघ ना. लोकांनी लिहिलेली परीक्षणं, लोकांचे गुण, लोकांनी लावलेली कपाटं. पानांची संख्या दुसरीकडून आणता येते, परीक्षण कुठून आणणार? ॲमेझॉनची माहिती घेतलीच नसती तर ती पाच वर्षं लोक तिथे आले असते का? रिकाम्या सूचीवर कोणी परीक्षण लिहीत नाही. उसन्या माहितीनं त्यांना माणसं मिळाली, आणि माणसांमुळे ते टिकले.

मामा : टिकले म्हणजे काय झाले? २०१३ मध्ये ॲमेझॉननंच विकत घेतलं त्यांना. आणि गुडरीड्स स्वतः बाहेरच्यांना जी सेवा देत होतं, एक्सएमएलमध्येच देत होतं, तिचं काय? डिसेंबर २०२० मध्ये नव्या की बंद. तीस दिवसांत न वापरलेल्या कीही बंद. जे स्वतः त्या अनुभवातून गेले होते, त्यांनी आपल्या दारातल्या छोट्यांना तेच दिलं. आणि ती पुस्तकं वाचवायला हातानं माहिती भरणारे वाचक? त्यांच्या मेहनतीचं हे भांडार आता नव्यानं येणाऱ्या कुणालाही त्या वाटेनं मागता येत नाही.

भाची : हे मला कबूल आहे. सगळ्यात जास्त तेच बोचतं.

मुलीनं मघाशी मागे ठेवलेला प्रश्न इथे पुन्हा वर आला. वाचकांनी भरलेलं कंपनीचं कसं होतं? कायद्याकडे बघितलं तर उत्तर सरळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये फाइस्ट खटल्यात सांगितलं की टेलिफोनच्या यादीतल्या नाव-नंबरांवर, ते जमवायला कितीही कष्ट पडले असले तरी, लेखाधिकार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही इस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात नुसते श्रम पुरेसे मानले नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता हवी असं म्हटलं. युरोपात मात्र १९९६ च्या निर्देशामुळे माहितीसंग्रहाला वेगळं संरक्षण आहे. म्हणजे ‘श्यामची आई’चे लेखक साने गुरुजी, ही वस्तुस्थिती भारतात कुणाच्या मालकीची नाही. पण की घेताना आपण करार करतो, आणि करार आपल्याला बांधतो. कंपनीच्या मालकीचं नसलेलंही आपण कंपनीच्या अटीवर घेतो.

अटींचा एक तपशील भावाला फार खटकला.

भाची : सेकंदाला एकच विनंती करायची. आणि आलेली माहिती चोवीस तासांपेक्षा जास्त साठवायची नाही.

मामा : मग रविवारी संध्याकाळी कट्टा भरला आणि वीस जणांनी एकच पुस्तक उघडलं तर?

भाची : म्हणून मध्ये आपला छोटा सर्व्हर लागतो. तसाही लागतोच, कारण ब्राउझर एका साइटवरच्या पानाला दुसऱ्या साइटचा मजकूर असा सहजासहजी वाचू देत नाही, आणि की ब्राउझरमध्ये ठेवली तर कोणीही ती बघून उचलेल. पहिल्यानं पुस्तक उघडलं की आपला सर्व्हर कंपनीला विचारतो, उत्तर साठवतो, उरलेल्या एकोणीस जणांना तेच देतो. चोवीस तासांनी कोणी मागितलं तर पुन्हा विचारतो. कंपनीचं उत्तर दोन-तीन सेकंदांत आलं नाही तर वाट बघत बसायचं नाही. टिपणं लगेच दाखवायची, मुखपृष्ठाची जागा रिकामी ठेवायची.

मामा : म्हणजे विचारायची मुभा आहे, लक्षात ठेवायची नाही.

भाची : त्यांची बाजूही आहे, मामा. चुकलेली नोंद त्यांनी सुधारली आणि आपण जुनीच धरून बसलो, तर चूक पसरत राहते.

मामा : ठीक. आता मला तुझा तक्ता दाखव. टिपणांचा. पहिला रकाना काय आहे?

भाची : पुस्तकाचा क्रमांक. कंपनीच्या उत्तरात येतो तोच. प्रत्येक टिपण त्या क्रमांकाला जोडलेलं.

मामा : इथेच माझी खरी हरकत आहे. बाकी तुझं सगळं मान्य करेन, हे नाही. ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी काय करतात माहितीये? वर्गीकरण नंतर, तालिका नंतर, शिक्का-लेबलं नंतर. आधी दाखल नोंदवही. पुढचा मोकळा क्रमांक त्या प्रतीला मिळतो आणि तो कधीच बदलत नाही. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद केलं, तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. शेऱ्यात ‘बाद’ लिहितात. प्रकाशकाचा क्रमांक, विक्रेत्याचा बिल क्रमांक, सगळे शेजारच्या रकान्यांत. पण ग्रंथालयाचा व्यवहार चालतो तो दाखल क्रमांकावर. तुझ्या तक्त्यात कट्ट्याचा स्वतःचा क्रमांकच नाही. त्यांनी उद्या क्रमांक बदलले, किंवा दोन नोंदी एकत्र केल्या, तर आपल्या बँकेतल्या बाईंचं टिपण कुठल्या पुस्तकाचं ते कोण सांगणार?

भाची : आयएसबीएन आहे की. तो कंपनीचा नाही, जगाचा आहे.

मामा : आयएसबीएन आवृत्तीचा असतो, कृतीचा नाही. तू मघाशी ‘श्यामची आई’ दाखवलंस. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्याकडे लेखकानंतर साठ वर्षं लेखाधिकार, म्हणजे २०११ पासून ते पुस्तक कोणालाही छापता येतं. कितीतरी प्रकाशकांनी छापलं. प्रत्येकाचा आयएसबीएन वेगळा. एकानं एका प्रतीवर टिपण लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या, तर तुझ्या ॲपमध्ये ती दोन पुस्तकं. आणि ज्यांना आयएसबीएनच नाही त्यांचं काय? आपल्याकडे हे क्रमांक द्यायला लागले तेच १९८० च्या दशकात. माझ्या कपाटातली अर्धी पुस्तकं त्याच्या आधीची. छोटे प्रकाशक, कवीनं पदरमोड करून काढलेले संग्रह, यांच्यावर पुढेही कितीदा तो नव्हता. तुझ्या खिडकीत ती पुस्तकं येऊच शकत नाहीत. पुस्तक नाही असं नाही, पण यंत्राला विचारलं तर ‘सापडलं नाही’.

यावर ती बराच वेळ तक्त्याकडे बघत होती. मग तिनं ज्या ठिकाणी बोट ठेवलं ते भावालाही अपेक्षित नव्हतं.

भाची : स्वतःचा क्रमांक देते. पटलं. पण आपण स्वतः भरलेली माहिती स्वच्छच असेल असं धरून चालू नकोस. ‘ॲ’ हे अक्षर घे. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र द्यायचे, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. दिसायला दोन्ही एकच. यंत्राला मात्र एका ठिकाणी एक अक्षर, दुसऱ्या ठिकाणी दोन. युनिकोड ती दोन रूपं सममूल्य मानत नाही, त्यामुळे नेहमीच्या रूपांतरानं ती जुळत नाहीत. शीर्षकात ‘ॲ’ असलेलं पुस्तक एका सभासदानं एका फोनवरून भरलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्यावरून शोधलं, तर समोर असून मिळणार नाही. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र घे. तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो. कंपनीच्या माहितीत तर याहून गोंधळ आहे. एकाच मराठी पुस्तकाचं नाव एका नोंदीत देवनागरीत, दुसरीत रोमन लिपीत, तिसरीत रोमनच पण वेगळ्या स्पेलिंगनं. पण आपली सूची आपण केली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो फक्त आपल्या अंगणात येतो.

मामा : येऊ दे. अंगणात आला तर झाडता येईल. त्यांच्या नोंदीतली चूक मला दिसली तर मी काय करू शकतो?

भाची : दुरुस्ती सुचवू शकतोस. ते बघतील तेव्हा बघतील.

मामा : शं. ग. दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ तू बघितलीस माझ्या टेबलावर. १८०० ते १९३७ चा पहिला खंड, मग १९३८ ते १९५० चा. संगणक नव्हता, की नव्हती. एका माणसाच्या चिकाटीवर मराठी छापील पुस्तकांची दीडशे वर्षं नोंदली गेली. आज अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक शोधायचं झालं तर तो तिकडे जातो. ती कुणाला बंद करता येत नाही.

भाची : दात्यांबद्दल मला आदरच आहे. पण ती सूची तुझ्या टेबलावर आहे, मामा. कट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलीच्या फोनवर नाही. तिला रात्री अकरा वाजता एक पुस्तक आठवतं, ते तिला त्याच क्षणी नोंदवायचं असतं. ती तुझ्याकडे येऊन खंड चाळणार नाही. आणि दात्यांसारखी माणसं दर पिढीला मिळतील यावर मी काही उभारू शकत नाही.

इथे दोघंही बरोबर होती असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. माझा कल मुलीकडे आहे. छोटी गोष्ट सुरू व्हायची असेल तर ती उसन्या माहितीवरच सुरू होईल, आणि मराठीत छोट्या गोष्टी सुरू होणं मला फार गरजेचं वाटतं. पण भावाचा दाखल क्रमांकाचा मुद्दा मी तिला सोडू देणार नाही. वाचकानं आपल्या भाषेत लिहिलेलं टिपण दुसऱ्याच्या खुंटीला बांधायचं नाही. कंपनीकडून येणारं मुखपृष्ठ उद्या गेलं तर जाऊ दे. बाईंनी लिहिलेल्या चार ओळी आणि त्या कुठल्या पुस्तकाबद्दल आहेत, एवढं आपल्याकडे राहिलंच पाहिजे. त्याची प्रत सभासदाला हवी तेव्हा उतरवून घेता आली पाहिजे. गुडरीड्सला २०१२ मध्ये तगवलं ते वाचकांच्या अशा लिखाणानंच, आणि गुडरीड्सच्या आधारानं उभ्या राहिलेल्या छोट्या साइट्सपैकी ज्यांनी स्वतःचं काही साठवलं नव्हतं त्यांच्याकडे की बंद झाल्यावर दाखवायला काहीच नव्हतं.

मुलीनं मग एक मधला रस्ता सुचवला.

भाची : ओपन लायब्ररी आहे. इंटरनेट आर्काइव्हची. कंपनी नाही, ना-नफा संस्था. सगळी माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेता येते, महिन्याला नवी प्रत निघते. ती उतरवली की कोणी दार लावलं तरी आपल्याकडची प्रत आपल्याकडेच.

मामा : मग तिथूनच घे ना. कंपनी कशाला?

भाची : मराठी नोंदी तिथे फार विरळ आहेत. दहा पुस्तकं शोधली तर सात मिळणार नाहीत अशी मला धास्ती वाटते. कंपनीकडे जास्त मिळतील. कारण वाचक तिकडे गेले.

मामा : वाचक तिकडे गेले कारण त्यांना कुणी सांगितलं नाही की इकडेही भरता येतं. तुझ्या ॲपमध्ये एक बटण दे. सभासदानं आपल्या हातातलं पुस्तक बघून माहिती भरली, कंपनीच्या उत्तरातली उचलून नाही, तर ती नोंद ओपन लायब्ररीलाही पाठव. म्हणजे पुढच्या गावातल्या मुलीला तुझ्याइतकं अडायला नको.

भाची : शीर्षकपान बघून भरलेली, हे कसं ओळखायचं?

मामा : शीर्षकपानामागच्या पानाचा फोटो माग. आवृत्ती, साल, मुद्रक, सगळं तिथेच असतं. मी तपासून देईन. निवृत्त झालोय, वेळ आहे.

हे मात्र तिनं लगेच लिहून घेतलं. दोन तक्ते ठरले. एक कट्ट्याचा : आपला क्रमांक, शीर्षक, कर्ता, टिपण, नोंद कुठून आली ते. दुसरा उसना : त्याला हवं तेव्हा पुसता येईल, त्यात कंपनीचा क्रमांक, मुखपृष्ठाचा पत्ता, आणलं कधी ती वेळ. पहिल्या तक्त्यातलं काहीही दुसऱ्यावर अवलंबून नाही. सेवा बदलली तर दुसरा तक्ता आणि एक्सएमएल वाचणारा प्रोग्रामचा तेवढा भाग बदलायचा. त्यासाठी तो भाग तिनं आधीपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं ठरवलं. बाकीच्या प्रोग्रामला माहिती कुठून आली हे कळताच कामा नये.

सरासरी गुणांवरून मात्र जुंपली. कंपनीच्या उत्तरात पुस्तकाला जगभरच्या वाचकांनी दिलेले गुण येतात. मुलीला ते दाखवायचे आहेत. कोणतं पुस्तक घ्यावं हे ठरवायला मुलांना त्याची मदत होते, असं तिचं म्हणणं.

मामा : एखाद्या मराठी कवितासंग्रहाला तिथे पाच जणांनी गुण दिलेले असतात. त्या पाचांची सरासरी आमच्या कट्ट्यावर का लावायची? पुस्तक न उघडता आकडा बघून बाजूला ठेवतील.

भाची : मग किती जणांनी दिले तेही दाखवते.

मामा : नको. टिपणं दाखव. वाचलेल्या माणसानं काय लिहिलंय ते वाचून ठरवू देत.

भाची : टिपण नसेल तर?

मामा : तर लिहिलेलं नाही असं दिसू दे.

भाची : आणि दिवाळी अंक? त्यांना कंपनीच्या उत्तरात जागाच नाही. आयएसबीएन नाही, लेखक एक नाही, संपादक आहे, आणि दर वर्षी नाव तेच.

मामा : त्याला आम्ही नाव आणि वर्ष मिळून एक नोंद देतो. आतल्या महत्त्वाच्या लेखांची वेगळी विश्लेषणात्मक नोंद. लेखाचं शीर्षक, लेखक, अंकाचं नाव, वर्ष, पृष्ठ.

भाची : म्हणजे तिसरा तक्ता.

मामा : तिसरा तक्ता. तो मी भरतो. १९७० पासूनचे अंक माडीवर आहेत. त्याच्यासाठी कुठल्याच कंपनीला विचारायचं नाही.

भाची : आणि टाइप कशात करशील? तुझ्या फोनवरचा ‘ॲ’ कुठला आहे ते आधी बघू दे मला.